शारदेचं लग्न मोडलं कोणी?

आपल्या मंडळाच्या बैठकीत मी सहसा वीरगळ, जुन्या वाटा, देवळांचे जीर्णोद्धार असल्या विषयांवर वाचतो. या खेपेला नाटकावर वाचतो आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो की मी साहित्याचा विद्यार्थी नव्हे. माझं शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचं आणि उमेदीची वर्षं डिचोलीच्या खाणपट्ट्यात गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा हातात अचानक वेळ आला. तेव्हापासून जे वाचत आलो ते स्वतःच्या बळावर, वाट चुकत चुकत. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात जाणकारांना काही खटकलं तर बिनदिक्कत सांगावं.

कारण असं घडलं. सर्वणच्या तरुण पोरापोरींनी यंदाच्या जात्रेला 'संगीत शारदा' बसवायचं ठरवलं. मला आनंदच झाला. गेली काही वर्षं जात्रेला बाहेरून आणलेली विनोदी नाटकंच जास्त होतात. मुलांनी जाहिरातीच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे पाठवला, शुद्धलेखन तपासायला म्हणून. त्यात एक ओळ अशी होती: 'रूढींविरुद्ध बंड पुकारणाऱ्या तरुणीची अजरामर कहाणी'. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. मी 'बंड' या शब्दापाशी अडकलो.

शारदा बंड करते का? शाळेत असल्यापासून आपण ऐकत आलो की करते. 'शारदा' म्हणजे जरठ-कुमारी विवाहाविरुद्धचं नाटक, म्हणून शारदा बंडखोर, असं ते गणित आहे. मी नाटक पुन्हा वाचायला घेतलं, संपूर्ण, नुसती पदं नव्हे. आपण 'शारदा' वाचतो म्हणजे बहुतेक वेळा तिची पदं आठवतो, आणि पदांमध्ये कथानक नसतं.

थोडी माहिती, ज्यांना नाही त्यांच्यासाठी. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) मूळ सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी सात नाटकं लिहिली. 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय' संस्कृतावरून, 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'दुर्गा' आणि 'संशयकल्लोळ'सुद्धा परकीय कथानकांवर बेतलेली. सातांतलं एकच त्यांचं स्वतंत्र, ते म्हणजे 'शारदा'. १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर मंडळीनं इंदूरला ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. संगीत नाटकात तोवर देव, राजे, अप्सरा असत. त्या रंगभूमीवर गावातला लोभी भट, लग्न जुळवणारा दलाल आणि शेजारच्या घरातली मुलगी येऊन उभी राहिली, हे केवढं मोठं काम होतं ते आज कळायला अवघड जातं.

कथानक साधं आहे. भुजंगनाथ नावाचा श्रीमंत म्हातारा, वय पाऊणशे, बायको वारलेली, त्याला पुन्हा लग्न करायचंय. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल त्याच्यासाठी मुलगी शोधतो. कांचनभट पैशाच्या लोभानं आपली मुलगी शारदा द्यायला तयार होतो. देवलांनी नावातच माणसं सांगून टाकली आहेत, बापाचं नाव कांचन आणि नवऱ्याचं भुजंग. आई इंदिराकाकूंना हे मान्य नाही, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण या लग्नाच्या विरोधात उभा राहतो. लग्न मोडतं. शारदा जीव द्यायला नदीवर जाते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न होतं.

आता प्रश्न एकच. मधलं ते वाक्य, 'लग्न मोडतं', ते कशानं मोडतं?

वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांना हे आठवतंय ते मनातल्या मनात बघा. मी गेल्या महिन्यात दहा-बारा जणांना विचारलं, त्यात दोन मराठीचे शिक्षक होते. बहुतेकांनी 'कोदंड मोडतो' एवढंच सांगितलं. दोघांनी 'शारदा नकार देते' असं सांगितलं. एकानं बरोबर सांगितलं, आणि तो भटजी होता. लग्न मोडतं ते गोत्रामुळे. वर आणि वधू एकाच गोत्रातले निघतात. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न थांबतं.

मला हे वाचताना खाणीवरचा कन्व्हेअर बेल्ट आठवला. ज्यांनी तो जवळून पाहिला नसेल त्यांना सांगतो. खनिज वाहून नेणाऱ्या लांबलचक पट्ट्याच्या बाजूनं एक दोरी ताणलेली असते, तिला पुल कॉर्ड म्हणतात. कोणाही कामगाराचा हात अडकला, कपडा ओढला गेला, तर त्यानं ती दोरी ओढायची, की पट्टा जागच्या जागी थांबतो. ओढणारा साहेब असो की रोजंदारीवरचा, यंत्र विचारत नाही. याशिवाय यंत्राच्या आत दुसरी एक व्यवस्था असते, इंटरलॉक. पट्टा एका बाजूला सरकला, मोटर तापली, पुढचा पट्टा बंद असला, तर यंत्र आपोआप थांबतं. तिथे माणसाला कोणी विचारत नाही. यंत्र स्वतःच्या नियमानं थांबतं, यंत्राला वाचवायला. त्यात माणूस वाचला तर वाचला.

शारदेचं लग्न इंटरलॉकनं थांबलं. दोरी तिच्या हाताशी नव्हतीच.

आता कोणी म्हणेल, परिणाम तर तोच झाला ना, मुलगी सुटली. हो, सुटली. पण अभियंत्याची एक सवय असते. एखादी गोष्ट कशावर उभी आहे ते बघायचं असेल तर मनातल्या मनात एकेक आधार काढून बघायचा. इथे तसं करून बघा. कोदंडाची तळमळ काढली तर गोत्राची गोष्ट बाहेर येत नाही, म्हणजे कोदंड लागतो. शारदेचं रडणं काढलं तर नाटकाचा प्राण जातो, पण लग्न जसं मोडायचं तसंच मोडतं. आणि गोत्र काढलं, म्हणजे समजा भुजंगनाथाचं गोत्र वेगळं असतं, तर? मग तो पाऊणशे वर्षांचा आहे, मुलगी कोवळी आहे, बापानं पैसे घेतलेत, आई विरोधात आहे, मुलगी मरण मागते आहे, हे सगळं जागच्या जागी असताना लग्न लागलं असतं. यथाशास्त्र लागलं असतं. शंकराचार्यांनाही त्यात बोलायला जागा उरली नसती.

नाटकातली ही गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

तरी शारदेला मी गरीब गाय म्हणणार नाही. आईपुढचा तो प्रवेश पुन्हा वाचा. लग्न ठरल्यावर ती आईकडे येते. आईनं आपल्याला या जाचातून सोडवावं असं ती म्हणत नाही, कारण आईच्या हातात सुटका नाही हे तिला कळलेलं आहे. ती सरळ मरण मागते, आईच्या हातून. यात मला एक जाण दिसते. या घरात कोणाची सत्ता कुठपर्यंत चालते याचा त्या वयातही तिला पक्का अंदाज आहे. बापाशी वाद घालून उपयोग नाही, आई हतबल आहे, म्हणजे उरतं काय, तर आपलं शरीर. शेवटी ती नदीवर जाते तेही त्याच हिशेबानं. तिच्याकडे जे एकच होतं त्यावर ती हक्क सांगते.

याला बंड म्हणायचं का? १८९९ साली सभ्य घरातली मुलगी स्वतःच्या लग्नाबद्दल तोंड उघडते, शेकडो लोकांसमोर, रंगमंचावर, हेच धाडस होतं असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावीन. ते धाडस देवलांचं होतं हेही म्हणीन. पण तिच्या नकारानं कथानक एक बोटभरही हलत नाही. देवलांनी तिला आवाज दिला, आणि निर्णय दुसरीकडे ठेवला. शिवाय तो आवाजही गळ्यातून यायचा तो पुरुषाच्या, कारण किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करत.

कोणी म्हणेल, त्या काळात याहून वेगळं सुचणं शक्यच नव्हतं. हे मात्र खरं नाही.

'शारदा'च्या बारा वर्षं आधीची गोष्ट. मुंबईत रखमाबाई नावाची मुलगी होती. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण ती सासरी नांदायला गेलीच नव्हती. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यानं तिला नांदायला पाठवावं म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. तिचं म्हणणं असं की माझ्या अजाणत्या वयात, माझ्या संमतीशिवाय लावलेलं लग्न माझ्यावर बंधनकारक नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. प्रकरण अपिलात गेलं, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाते. १८८८ साली दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली, आणि ती पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीनं तिनं बालविवाहावर पत्रं लिहिली होती. केसरीनं तिच्यावर टीकेची झोड उठवली होती. सगळ्या मुंबई इलाख्यात हा विषय गाजला. देवलांना तो माहीत नव्हता असं मानायला जागा नाही.

म्हणजे प्रत्यक्षात एका मुलीनं दोरी ओढून दाखवली होती. तिनं शास्त्राचा आधार घेतला नाही, गोत्र काढलं नाही, मरायलाही निघाली नाही. 'मला विचारलं नव्हतं' एवढं एकच कारण तिनं दिलं. आणि त्यावर महाराष्ट्र किती चिडला होता ते बघितलं की देवलांनी गोत्र का आणलं ते उलगडतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढीच ती सुधारणा, तरी पुण्यात केवढं रण माजलं. टिळक विरोधात, सुधारक बाजूनं, सभा उधळल्या गेल्या. या सगळ्याला आठ वर्षंही पुरती झाली नव्हती. त्या प्रेक्षकापुढे शारदेनं बोहल्यावर उभं राहून 'मी करणार नाही' म्हटलं असतं, तर पिट कोणाच्या बाजूनं गेला असता? मला वाटतं निम्मा तरी कांचनभटाच्या बाजूनं. मुलीनं बापाचा शब्द मोडला, मग विषय म्हाताऱ्याचा राहतच नाही, मुलीच्या उद्धटपणाचा होतो.

देवलांनी मोठ्या हुशारीनं वाद टाळला. सनातनी प्रेक्षकाला त्याच्याच शास्त्रानं बांधून टाकलं. सगोत्र लग्न लागता कामा नये यावर सुधारक आणि सनातनी दोघांचंही एकमत. मग दोघांनीही एकत्र टाळ्या वाजवायच्या. पुढचा तिढा सोडवायला शंकराचार्य. एकदा बोहल्यावर चढलेल्या मुलीचं दुसरं लग्न लावायचं म्हणजे पुन्हा बोभाटा, त्यावर धर्मपीठाचाच शिक्का. नाटक चाललं, अफाट चाललं, आणि जरठ-कुमारी विवाह ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट झाली. ज्याची थट्टा होऊ लागते ते लग्न पूर्वीसारखं मिरवता येत नाही, एवढं यश 'शारदा'नं नक्की मिळवलं. त्या थट्टेचं श्रेयही मी शारदेपेक्षा तिच्या मैत्रिणींना देईन. म्हाताऱ्या नवऱ्याची वरवर तरफदारी करत त्याची रेवडी उडवणारं ते पद घरोघरी गेलं. नाटकात कोणी खरंखुरं बंड करत असेल तर त्या पोरी करतात, आणि त्यांना ते परवडतं, कारण लग्न त्यांचं नाही.

जाता जाता एक. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, तो सारडा कायदा म्हणून ओळखला जातो. अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावावरून. आपल्याकडे कित्येक जण तो 'शारदा कायदा' म्हणतात आणि नाटकावरून नाव पडलं असं समजतात. मीही बरीच वर्षं समजत होतो. चूक आहे, पण गोड चूक आहे. मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ही त्याची मर्यादा. तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, अर्थात ब्रिटिश हिंदुस्थानात. आमच्याकडे नाही.

आणि इथे मी आमच्या भागाकडे येतो. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादींतले तालुके, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आलेले. इथला कायदा वेगळा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात आली, आणि हिंदूंच्या रूढी सांभाळायला १६ डिसेंबर १८८० चं फर्मान निघालं. त्यात नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभाही ठराविक अटींवर होती. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही तर, वगैरे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, विवाह हा दिवाणी करार ठरला आणि तो कायदा इथेही पोचला. म्हणून गोव्यात आजही लग्नासाठी नोंदणी कार्यालयात नवरा-नवरीला जातीनं जाऊन सही करावी लागते, एकदा नव्हे, मध्ये काही दिवस सोडून दोनदा. आम्ही गोंयकार 'सह्या झाल्या' असंच म्हणतो. देवाब्राह्मणासमोरचं लग्न नंतर.

कागदावर बघितलं तर ही दोरीच की. मुलीची सही नसेल तर लग्न नाही. पण सही आणि मर्जी यांत किती अंतर असतं ते आमच्या गावांतल्या बायकांना विचारा. बापानं सांगितलं सही कर, केली. शारदेला कोणी विचारलं नाही, यांना विचारलं, पण उत्तर आधीच ठरलेलं होतं. तरीही सहीची ती रेघ तिथे आहे याचं मोल मला कमी वाटत नाही. ज्या मुलीला पुढे कधी हात लांबवावासा वाटला, तिच्यासाठी दोरी तरी टांगलेली होती.

मी 'शारदा' पहिल्यांदा पाहिली ती लहानपणी, आमच्याच भागातल्या एका जात्रेत. देवळापुढे मंडप, जमिनीवर गोणपाटं, पुढे पोरं, मागे बायका, कडेला चण्या-खाज्याची दुकानं. रात्री पालखी फिरून झाल्यावर नाटक सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. पुरुषमंडळी गावचीच. भुजंगनाथ झाला होता आमचा शिंपी, आणि त्याच्या पांढऱ्या मिश्या एका बाजूनं सुटलेल्या होत्या एवढं मला स्पष्ट आठवतं. शारदा मात्र बाहेरून आणलेली नटी होती. वयानं शारदेच्या आईपेक्षा मोठी असावी. गळा असा की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही जाग्या राहिल्या.

घरी परतताना आमच्या वाड्यावरची एक आजी कंदिलाच्या उजेडात चालत होती. पुरुष मंडळी नाटकावर बोलत होती. गोत्र निघालं ते बरं झालं, देवानंच राखलं, असं काहीतरी. ती मध्येच म्हणाली, "आनी चेडवाक कोणें विचारलें?" म्हणजे, आणि मुलीला कोणी विचारलं? कोणी उत्तर दिलं नाही. बोलणं दुसऱ्या विषयावर गेलं. त्या आजीचं स्वतःचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेलं होतं हे मला खूप नंतर कळलं. या निबंधातला मुद्दा खरं तर तिचा आहे, मी फक्त त्याला तारखा जोडल्या.

त्या नटीबद्दल मात्र मी तेव्हा काही विचार केला नव्हता. आता करतो. गोव्याच्या जात्रांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बायका कित्येक वर्षं ज्या समाजातून येत, त्यांच्या आज्या-पणज्या देवळाच्या सेवेत होत्या, कलावंत म्हणून, भाविणी म्हणून. त्या घरातल्या मुलींना लग्नच नव्हतं. त्यांचं लग्न म्हणजे एक विधी, तलवारीशी नाहीतर नवऱ्याचा वेष घेतलेल्या दुसऱ्या मुलीशी. मग आयुष्यभर कोणा धनवंताचा आश्रय. गोमंतक मराठा समाजानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चळवळ करून, मुलींची लग्नं लावून, मुलांना शिकवून हा फास सोडवला. ती कहाणी वेगळी आणि मोठी आहे. पण जात्रेच्या रात्रीचं ते चित्र बघा. लग्न लादल्याचं दुःख गात आहे अशी बाई, जिच्या घराण्याला लग्न नाकारलं गेलं. आणि समोर ऐकायला बसल्यात त्या, ज्यांची लग्नं न विचारता लावली गेली. देवलांच्या संहितेत यातलं काहीही नाही. पण आमच्या भागात 'शारदा' जी रुजली ती या दोन्हींच्या मध्ये रुजली, असं मला वाटतं.

याच समाजातून, शारदेनंतर पाचच वर्षांनी, मराठीत पहिली स्त्री नाटककार आली, हेही सांगायला हवं. हिराबाई पेडणेकर. जन्म सावंतवाडीचा, आडनाव आमच्या पेडण्याचं. १९०४ चं 'जयद्रथ विडंबन' आणि १९१२ चं 'संगीत दामिनी', जे केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं रंगभूमीवर आणलं. मोठमोठे नाटककार त्यांच्या गिरगावातल्या बैठकीत येत, गाणं ऐकत, साहित्यावर बोलत, आणि मग आपापल्या घरी जात. पुढे त्या मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या, आणि १९५१ मध्ये तिथेच गेल्या. लिहिणं केव्हाच थांबलं होतं. बंड हा शब्द कोणाच्या नावापुढे छापायचाच असेल तर मला त्यांच्या नावापुढे छापायला आवडेल. त्या काही नाटकातलं पात्र नव्हत्या. नाटक लिहिणं हेच त्यांचं करणं होतं.

परत फलकाकडे येतो. माझा आक्षेप मी मुलांना सांगितला. तालमीला जाऊन बसलो तेव्हा वाद झाला, चांगलाच. शारदा करणारी मुलगी साखळीच्या महाविद्यालयात शिकते. तिचं म्हणणं, मग शेवट बदलू या. गोत्र निघायच्या आधीच शारदा अंतरपाट बाजूला सारून निघून जाईल. बाकीच्यांना हे एकदम पटलं. दिग्दर्शक मुलगा तर लगेच प्रकाशयोजनेवर बोलू लागला.

मी विरोध केला. कदाचित माझ्यात इतिहासवाला जास्त आणि नाटकवाला कमी म्हणून असेल. माझं म्हणणं असं: शेवट बदलला तर आपण प्रेक्षकाला खोटं सांगू की १८९९ साली ही मुलगी निघून जाऊ शकत होती. निघून जाऊ शकत नव्हती म्हणूनच तर गोत्र लागलं, शंकराचार्य लागले, नदी लागली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मुलीला वाचवायला केवढा खटाटोप करावा लागला याचा तो कागद आहे. ताम्रपटावरचं न पटणारं दान आपण खोडत नाही, तसंच हे. जुनं देऊळ रंगवून चकचकीत करण्याबद्दल आपण या मंडळात किती वेळा हळहळलो आहोत, मग नाटकाला वेगळा न्याय का?

मुलगी म्हणाली, "पण सर, मला मग तिथे उभं राहून नुसतं बघायचं? सगळे गोत्रावर भांडतायत आणि मी बाहुलीसारखी?"

मी म्हटलं, हो. तेच कर. नुसती उभी राहा आणि त्यांच्याकडे बघत राहा. एकानंही तुला काही विचारलेलं नाही हे मागच्या रांगेपर्यंत दिसू दे. संहितेत एक अक्षर बदलायला नको.

तिनं त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. पुढच्या तालमीत तिनं तो प्रसंग तसा करून बघितला. मंडपातला कलकलाट चालू, भटजी, दलाल, कोदंड सगळे एकमेकांवर ओरडताहेत, आणि ही मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघते आहे. पेटीवाला वाजवायचा थांबला होता. अजून काम बाकी आहे. कोदंडाचा सूर वरच्या पट्टीत जात नाही, आणि भुजंगनाथ फारच लवकर म्हातारा होतो. पण हा प्रसंग मात्र बसला आहे.

फलक अजून छापायचा आहे. 'संगीत शारदा, ले. गो. ब. देवल', खाली तारीख, वेळ आणि देवळाचं नाव, एवढं पुरे असं मी सुचवलंय. मुलं म्हणतात, एवढ्यानं गर्दी होणार नाही.